दातांच्या डॉक्टरांची मोटरहोम

मोटरहोमच्या खाली शिरायला बाबांना कुणी सांगितलं नव्हतं. पण छत्तीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला माणूस एखादी वस्तू नुसती वरवर बघून विकत घेईल, अशी अपेक्षा ठेवणारेच वेडे. रविवारी सकाळी दहाला सगळे दातांच्या डॉक्टरांच्या फाटकातून आत शिरले. बाबांनी दोन वाक्यांत ओळखपाळख उरकली, बाह्या दुमडल्या, खिशातून टॉर्च काढला आणि पाठीवर झोपून ते गाडीखाली नाहीसे झाले. बाहेर उरले ते फक्त बूट.

"यांना माझ्या दवाखान्यात आणू नका कधी," डॉक्टर म्हणाले. "दात राहील बाजूला, आधी खुर्ची खोलतील."

सून तेवढी हसली. थोरली आणि धाकटा आईकडे बघत होते, आणि आई घड्याळाकडे.

गाडी पांढरी, लांबट, दोन्ही बाजूंना निळे पट्टे. उन्हाकडच्या बाजूचा पट्टा पार विटलेला. नऊ वर्षं डॉक्टर आणि त्यांची बायको सुट्टी मिळेल तेव्हा हिच्यातून भटकले होते. विकताय कशाला, असं सुनेनं विचारलं तेव्हा डॉक्टर सहज म्हणाले, "आमचं बघून झालं."

गाडीखालून आवाज आला, "काय काय बघितलंत?"

"सगळंच की हो. डोंगर, समुद्र, वाळवंट. राहिलं असं काही नाही."

त्यावर गाडीखालचा टॉर्च क्षणभर हलायचा थांबला. ह्या घरातल्या कुणाचंही, काहीही, 'बघून झालं' नव्हतं. आजोबांचं झालं होतं म्हणा. त्यांनी जन्मभर ट्रक चालवला, सगळा मुलूख पालथा घातला, फक्त घर तेवढं बघायचं राहून गेलं. म्हणूनच बाबांनी ऐन विशीत ठरवून टाकलं होतं, की आपण गाव सोडायचं नाही. आणि सोडलंही नाही. लिफ्ट कंपनीचा फोन उशाशी ठेवून ते छत्तीस वर्षं गावातच राहिले, आणि घरात मात्र आपल्या बापाइतकेच कमी दिसले. ह्याला नशीब म्हणायचं की खोड, ह्यावर घरात दोन मतं होती. आई नशीब म्हणायची.

कुंपणाच्या भिंतीपाशी बहीणभाऊ हळू आवाजात बोलत होते.

"किती वाजता घेतली तिनं गोळी?" धाकट्यानं विचारलं.

"साडेनऊला."

"म्हणजे साडेअकरा. फार फार तर बारा."

"ते मला नको सांगूस. दुकान माझं आहे." थोरलीचं औषधांचं दुकान होतं, आणि आईच्या गोळ्या तिथूनच येत. तीन वर्षांपूर्वी आईच्या कानातला तोल बिघडला. जिवाला धोका नाही, कानाचे डॉक्टर म्हणाले होते, पण चालत्या गाडीत पंधरा-वीस मिनिटांच्या वर बसलं की हिचं जग गरगरणार, आणि ह्या वयात ते बरं होणार नाही. गोळीनं दोन तास निभतं. रोज मात्र घ्यायची नाही. हे थोरलीला ठाऊक होतं, धाकट्याला होतं, सुनेला होतं, शेजारच्या रिक्षावाल्यालासुद्धा होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त बाबांना. कारण गेल्या तीन वर्षांत आईच्या शेजारी चालत्या गाडीत दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ ते बसलेच नव्हते. कुठे कार्यक्रमाला जायचं तर आई मुलांबरोबर पुढे जायची, आणि बाबा मागाहून स्कूटरवर यायचे, हत्यारांच्या पेटीसकट. रिटायर होऊन त्यांना आता कुठे आठ महिने होत होते.

आईनं दोन्ही मुलांना बजावलं होतं, त्यांच्या कानावर जाता कामा नये. तेव्हापासून घरात अळीमिळी गुपचिळी.

"तरी तू जाहिरात दाखवलीस त्यांना," धाकटा म्हणाला.

"आईनंच सांगितलं, दाखव म्हणून. दिवसभर त्या फोनशेजारी खुर्ची टाकून बसतात म्हणाली. वाजत नाही तरी बसतात. त्यांना काहीतरी पुढचं दे, म्हणाली."

"आणि तू लगेच दिलंस. तुला स्वतःलाच हवंय हे, ताई. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?"

थोरलीला ते हवंच होतं. ती नऊ वर्षांची असताना सगळे मिळून आठ दिवसांसाठी सरोवरावर जाणार होते. तिकिटं काढलेली, खोली राखून ठेवलेली, बॅगा दाराशी. आणि फोन वाजला. चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकली होती आणि आत आठवा महिना लागलेली एक बाई होती. बाबा म्हणाले, दोन तासांत आलो. आई बॅगेवर बसून राहिली. संध्याकाळी बाबा आले ते हातात फुलांचा गुच्छ घेऊन. त्या बाईच्या नवऱ्यानं दिलेला. तोवर आईनं बॅगा रिकाम्या करून सगळे कपडे जिथल्या तिथे लावून ठेवले होते, घडी न मोडता. पुढे मग थोरलीनं आईला खूप वेळा रागावताना पाहिलं, पण त्या दिवशी ती रागावली नव्हती, आणि तेच थोरलीच्या मनातून कधी गेलं नाही.

"मला एवढंच आठवतं," धाकटा म्हणाला, "की त्या दिवशी मी दिवसभर घरात बूट घालून होतो."

"तिला एकदा तरी जाऊ दे रे. अर्धा अर्धा तास करत का होईना."

"वरातीमागून घोडं आहे हे, ताई. मी आडवा येणार."

"मग खरं कारण सांगणार का?"

"आईनं बजावलंय ना. दुसरी कारणं काय कमी आहेत?"

धाकटा विमा कंपनीत ठोकरलेल्या गाड्या तपासायच्या कामावर होता. गाडीविरुद्ध बोलायचं तर त्याच्या जिभेवर पंचवीस मुद्दे तयार असत. बाबा गाडीखालून निघाले आणि बॉनेटकडे वळले, तसे त्यानं ते एकेक करून काढायला सुरुवात केली. एवढं लांब धूड ठेवणार कुठे? सुटे भाग मिळतात का हिचे? बाबा, तुमचं वय काय, हिची लांबी काय, घाटात समोरून ट्रक आला तर?

"माझा बाप ट्रकच चालवायचा," बाबा बॉनेटमधून डोकं न काढता म्हणाले.

"म्हणून तुम्हाला येतो असं थोडंच आहे?"

"लायसन आहे माझ्याकडे. कंपनीची व्हॅन काय तू चालवायचास?"

"गावात, बाबा. गावात चालवायचात."

आता बाबांनी डोकं बाहेर काढलं. कपाळावर ग्रीसचा पट्टा उमटला होता. "तुला गाडी नकोय की आम्ही जायला नकोय?"

"तसं नाही."

"मग कसं? मागितलंय काही मी तुझ्याकडे? तुझ्या आईला मी शब्द दिला होता. तो पुरा करतोय तर तुला पोटशूळ का?"

धाकट्यानं ओठ घट्ट मिटले. बापाचं मन राखायला बापाचेच बोल खायचे. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाबांना मात्र त्या मिटल्या ओठांत भलतंच दिसलं. मुलाला आपण घरी बसलेलेच हवे आहोत, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि ते पुन्हा बॉनेटमधे वाकले. बॅटरीची तारन् तार हातानं चाचपून बघितल्याशिवाय आता ते हटणार नव्हते. अकरा वाजून गेले होते.

आई आणि सून गाडीच्या आत होत्या. आत एक टेबल, टेबलाच्या दोन्ही बाजूंना बाक, दोन शेगड्या, हातभर मोरी, मागे पलंग. डॉक्टरांच्या बायकोनं जागोजागी कागदाच्या पट्ट्या चिकटवून ठेवल्या होत्या. 'हे कपाट वळणावर उघडतं.' 'नळ हळू, पाणी अंगावर येतं.' पलंगाच्या वरच्या फळीवर एक होती : 'इथे तुझं डोकं आपटतं.'

ती पट्टी आईनं दोनदा वाचली. कधी न भेटलेल्या त्या बाईचा तिला हेवा वाटला. समुद्र-डोंगरांचा नाही. नवऱ्याचं डोकं कुठे आपटतं ते नऊ वर्षं रोज बघायला मिळालं, त्याचा.

"आई, अजूनही सांगता येईल," सून म्हणाली. "मी सांगू का? तुम्ही मला बजावलं नव्हतं, ह्यांना बजावलं होतं."

"वकिलीण कुठली!" आई हसली. मग म्हणाली, "बघितलंस ना त्यांच्याकडे? रात्री झोपत नाहीत हल्ली. नकाशे घेऊन बसतात. मला विचारतात, इथे जाऊ या का, तिथे जाऊ या का. बोटानं रस्ते दाखवतात. मी हो म्हणते."

"पण तुम्ही जाणार कशा?"

"जमेल तेवढं जायचं. गोळ्या आहेत."

"रोज घ्यायच्या नाहीत ना त्या?"

"एवढी वर्षं माझ्यासाठी काही करायचं म्हणून तळमळणारा माणूस," आई म्हणाली, "त्याला आता कसं सांगायचं, की नको? दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आले तर दात नाहीत."

"दातांचे डॉक्टर बाहेर उभे आहेत," सून म्हणाली, आणि दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. हसता हसता आईनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पावणेबारा. हा माणूस, तिला वाटलं, माझी गोळी गाडीखालीच संपवणार.

बारा वाजून पाच मिनिटांनी बाबांनी गाडी पास केली. एक पाइप, एक रबर आणि मागचा दिवा सोडला तर गाडी ठणठणीत आहे, असं त्यांनी जाहीर केलं. आता उरली फक्त चाचणी.

चाचणीची त्यांची एक स्वतःची रीत होती. दुरुस्त केलेली लिफ्ट लोकांच्या हवाली करण्याआधी ते तिच्या मधोमध पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवत आणि तळापासून गच्चीपर्यंत दोन फेऱ्या मारत. पाणी सांडलं की पुन्हा हत्यारं बाहेर. कंपनीत पोरं टिंगल करत, पण बाबांनी पास केलेली लिफ्ट कधी धक्का देत नसे, हेही तीच पोरं सांगत. तर आता त्यांनी मोरीच्या नळाखाली पेला भरला, टेबलाच्या मधोमध ठेवला आणि आईला त्याच्या समोर बसवलं.

"तू ह्याच्यावर नजर ठेव. दुसरीकडे बघू नकोस. कुठल्या वळणावर सांडतं ते मला सांगायचं."

"बाबा, मी बघतो," धाकटा चटकन म्हणाला.

"तिची गाडी आहे. तिनंच बघायचं."

थोरली म्हणाली, "आईला निदान पुढे बसू द्या, तुमच्याशेजारी."

"पुढे डॉक्टर बसणार. गिअर समजून घ्यायचेत मला." आणि बाबांनी चावी फिरवली.

आई बसली होती तो बाक उलटा होता, पाठ गाडीच्या तोंडाकडे. तिनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली आणि सांगितल्याप्रमाणे पेल्याकडे बघू लागली.

गाडी हातात येताच बाबांना आपलं वय उतरल्यासारखं वाटलं. वस्ती मागे पडली, एका बंद कारखान्याची लांबच लांब भिंत सुरू झाली, रस्ता मोकळा होता. ब्रेक लावून बघितला, उत्तम. स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. झोक जातो का ते बघायला. नाही जात. डॉक्टर कुठल्याशा घाटाची गोष्ट सांगत होते. बाबांनी ओरडून विचारलं, "सांडलं का गं?"

"नाही," मागून आईचा आवाज आला.

"आता?"

ह्या खेपेला आवाज आला नाही. बाबांनी वरच्या आरशात पाहिलं.

आरशात त्यांना आपलं घर दिसलं. सुनेनं खिडकीची काच एका झटक्यात सरकवली. थोरलीनं पर्समधून जाड पिशवी काढली आणि तिचं तोंड उघडून धरलं. धाकट्यानं आईला काखेत हात घालून उचललं आणि उलट्या बाकावरून सुलट्या बाकावर आणून टेकवलं, आणि तो सरकला तेवढ्या जागेत सून ओला रुमाल घेऊन शिरली. थोरलीनं दुसऱ्या हातानं आल्याचा तुकडा पुढे केला. कुणी कुणाला धडकलं नाही. कुणी कुणाला काही विचारलं नाही. आईनं डोळे मिटूनच हात पुढे केला आणि पिशवी बरोबर तिच्या हातात आली.

अशी कामं बाबांना ओळखू येत. न बोलता इतक्या सफाईनं हलणारी माणसं म्हणजे वर्षानुवर्षं एका पाळीत काम केलेली माणसं. आणि त्या पाळीत आपलं नाव कधीच नव्हतं.

त्यांनी गाडी भिंतीकडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि ते मधल्या जागेतून मागे आले. डॉक्टर शहाणे, ते आपणहून खाली उतरून लांब जाऊन उभे राहिले.

आईचा चेहरा राखेसारखा झाला होता. बाबा तिच्यापुढे वाकले. लिफ्टमधे अडकलेल्या माणसांशी दाराच्या फटीतून बोलायची छत्तीस वर्षांची सवय, ती आपोआप तोंडातून बाहेर आली. "घाबरायचं नाही. दोन मिनिटं. दोनच मिनिटं."

"लिफ्टमधे अडकलेली नाहीये ती!" थोरली ओरडली. इतक्या मोठ्यानं ती बाबांशी आयुष्यात बोलली नव्हती. "दोन मिनिटं, दोन तास, दोन वर्षं! आम्ही लहान असल्यापासून हेच ऐकतोय. तीन वर्षं झाली तिला, बाबा. तीन वर्षं ती गाडीत बसली की अशी होते."

"ताई, पुरे," धाकटा म्हणाला.

बाबांनी एकेकाकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?" धाकट्यानं मान खाली घातली. "तुला?" सूनही खाली बघू लागली. "म्हणजे सगळ्यांना."

"मीच सांगितलं होतं, बोलायचं नाही म्हणून," आई रुमालातून म्हणाली. "त्यांना नका बोलू."

बाबा समोरच्या उलट्या बाकावर बसले. मघापासून धाकटा जे पंचवीस मुद्दे काढत होता त्यांचा अर्थ त्यांना आता लागला. मुलाला आपण काय बोललो तेही आठवलं, आणि लाज वाटली. "मघाशी मी तुला..." ते म्हणाले.

"जाऊ द्या, बाबा." आणि मग सगळ्या सकाळभर जे बोलला त्याच्या नेमकं उलटं धाकटा बोलला. "बाबा, घ्या गाडी. खरंच घ्या. आता तुम्हाला कळलंय तर होईल काहीतरी. दिवसाला पंधरा मिनिटं चालवा, मग मुक्काम. तुम्हाला घाई कसली आहे?"

"पंधरा मिनिटं?" थोरली म्हणाली. "सरोवर किती लांब आहे ठाऊक आहे का तुला? दोन महिने लागतील पोचायला. आणि वाटेत ही रोज अशी होणार? नको. माझंच चुकलं. मला वाटलं एकदा ती निघाली की..." सुनेनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तासभरापूर्वी तू उलटं म्हणत होतीस."

"तासभरापूर्वी तूही."

"मला विचारतंय का कुणी?" आई म्हणाली.

आईनं पाण्याचा पेला उचलला, दोन घोट घेतले आणि तो रिकामा करून मोरीत ठेवला. बाबांना वाटलं, आता ही रागावेल. ते रागाची वाटच बघत होते. रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"मला गाडी नको," आई म्हणाली. "तुम्हाला हवी असेल तर घ्या, आणि एकटे जाऊन या. मी मनापासून सांगतेय. मुलं आहेत माझ्यापाशी."

"मी एकटा जाऊन काय करू?"

"तेही खरंच."

एवढंच. असे निर्णय घ्यायला ह्या घरात एरवी पंधरा दिवस लागत. बाबा खाली उतरले, डॉक्टरांपाशी गेले आणि म्हणाले, "माफ करा. तुमचा सकाळचा वेळ घेतला. आम्हाला नाही जमणार."

"गाडीत काही...?"

"नाही, नाही. गाडी छान ठेवलीय तुम्ही."

आता परत जायचं, तर आई काही त्या गाडीत पाय ठेवायला तयार होईना. शेवटी तिनंच सगळ्यांना हुकूम सोडले. डॉक्टरांनी गाडी न्यायची, मुलांनी त्यांच्याबरोबर जायचं आणि आपली गाडी घेऊन परत यायचं. "आम्ही चालत निघतो. दिसू तुम्हाला रस्त्यात, हरवणार नाही."

थोरलीनं पिशवी पुढे केली. "ही राहू द्या, बाबा. लागली तर. आणि तिला बरं नाहीसं वाटलं तर बोलत नका बसू, नुसतं..."

"जा तू," आई म्हणाली.

मोटरहोम वळली आणि कारखान्याच्या भिंतीच्या टोकाला दिसेनाशी झाली. दोघं चालू लागली. ऊन फार नव्हतं. भिंतीवर जुन्या नोटिशींचे कागद अर्धे फाटून लोंबत होते. बाबा रस्त्याच्या बाजूनं चालत होते आणि पिशवी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही ते नकाशे काढून बसला होता ना तेव्हा. सगळं आयुष्य निघून गेलं म्हणून चुटपुटत होता. मग म्हटलं, कशाला."

"ते आत्ताचं. तीन वर्षांपूर्वी का नाही?"

आईनं विचार केला. "तेव्हा सांगायला गेले होते एकदा. तुमचा फोन वाजला."

बाबा चालत राहिले. एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. मग ते म्हणाले, "मला वाईट वाटतं ते सरोवराचं. बाकी राहिलं ते राहिलं. पण तिकिटं हातात होती. तुझा जीव अडकला होता तिथे. तो एक शब्द तरी मी पुरा करायला हवा होता. सव्वीस वर्षं मी रोज मनात म्हणतोय, हिला एकदा ते सरोवर दाखवायचं."

आई दोन पावलं पुढे गेली होती. ती थांबली. हे त्यांना सांगायचं नाही असं तिनं फार पूर्वी ठरवलं होतं, आणि ते तिनं निभावलंही असतं. पण सव्वीस वर्षं रोज म्हणजे फार झाली. एखाद्याला इतकं मोठं ओझं चुकीच्या पत्त्यावर वाहू द्यायचं, हे तिला आता पाप वाटलं.

"मी जाऊन आलेय तिथे," ती म्हणाली.

बाबांना वाटलं, हिचं डोकं अजून गरगरतंय. "कुठे?"

"सरोवरावर. त्यानंतर दोन वर्षांनी. शिवणाच्या प्रशिक्षणाला चार दिवस गेले होते बघा, मी शिवण शिकवायचे त्या शाळेतर्फे. मुलं माझ्या बहिणीकडे ठेवली होती. प्रशिक्षण नव्हतंच. शाळेतल्या आम्ही तिघी गेलो होतो."

"तू मला प्रशिक्षण म्हणून सांगितलंस."

"हो."

"मी तुला स्टँडवर सोडायला आलो होतो." हे त्यांना लख्ख आठवत होतं, कारण तसं ते क्वचितच येत. "बॅग मी चढवली होती."

"हो. तेव्हा सांगून टाकणार होते. पण तुम्ही म्हणालात, शिकून घे नीट, आपण सरोवरावर जाऊ पुढच्या वर्षी."

रस्त्याकडेला एक मोडका बाक होता. बाबा त्यावर बसले नाहीत, नुसता त्याच्या पाठीवर हात टेकून उभे राहिले. आपण फसवले गेलो असं त्यांना वाटायला हवं होतं. तसं वाटेना. एका रिकाम्या लिफ्टचं दार सव्वीस वर्षं ठोठावत बसलो, एवढंच वाटलं. आतली बाई केव्हाच जिन्यानं निघून गेली होती.

"कसं होतं?" त्यांनी विचारलं.

आईला खोटं बोलता आलं असतं. पण खोटं बोलून बोलूनच इथवर आलो, हे तिला दिसत होतं.

"छान होतं. नावेत बसलो, उशिरा उठलो, खूप हसलो. मला वाटलं होतं, तुमची आठवण येईल. म्हणून मी साड्यासुद्धा मोजक्याच नेल्या होत्या, म्हटलं, जीव रमला नाही तर लवकर परतू. नाही आली हो आठवण. चार दिवसांत एकदाही नाही आली. येताना बसमधे मला त्याचंच रडू आलं."

बाबांनी मान हलवली. त्यांना खूप विचारायचं होतं, पण कुठलाही प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे असं त्यांना वाटेना. लांब वळणावर धाकट्याची गाडी दिसू लागली होती. ती हळूहळू येत होती, आणि आत तिघांचे चेहरे पुढे झुकलेले दिसत होते.

"आले ते," बाबा म्हणाले. "बसवेल का आता तुला?"

"इतक्यात नको. अजून थोडं चालू."

"दमशील."

"चालताना मला काही होत नाही," आई म्हणाली. "आधीही कधी झालं नव्हतं."

तिनं हात वर करून मुलांना पुढे जायची खूण केली. गाडी त्यांच्या शेजारून सावकाश पुढे गेली, आणि बाबा पाय उचलून तिच्या बरोबरीनं चालू लागले.